समुद्राचे माप बोटांनी, आमच्या पावसाचे अंदाजपंचे



मागे तलवाड्याला बैठक होती. विषय होता अतिवृष्टीची मदत. चहा होईपर्यंत मी पोरांना सहज सांगत बसलो होतो, की समुद्रात शेकडो किलोमीटरचे भोवरे असतात आणि हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह त्यांचे माप घेतो, तेही सेंटिमीटरमध्ये. कोपऱ्यात एक म्हातारे शेतकरी पान लावत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "भाऊ, समुद्रातला भोवरा इतक्या वरून दिसतो, अन् आमच्या शिवारात ढग फुटला तो मंडळाच्या ठिकाणाहून दिसत नाही का?"

बैठक हसली. मी हसलो नाही. त्या माणसाचे बांध एका रात्रीत फुटले होते, कापूस आडवा झाला होता, विहिरीत गाळ बसला होता. काही कोसांवरच्या मापकावर मात्र त्या रात्रीचा पाऊस ६५ मिलिमीटरच्या आत भरला. त्यामुळे कागदावर त्यांच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. त्यांचा प्रश्न मी घरी घेऊन आलो. हा लेख म्हणजे त्याचे उत्तर आहे. ते समुद्रातून सुरू करावे लागते, जरा धीर धरा.

भोवरा कसा फिरतो

नदीच्या डोहातला भोवरा आपण पाहिलेला आहे. समुद्रातला भोवरा तसा नसतो. तो शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो, महिनोन्महिने टिकतो, आणि त्याच्या मधोमध होडी उभी केली तर नावाड्याला काही कळणारही नाही. मधला भाग आजूबाजूपेक्षा हातभर उंच किंवा हातभर खोल, एवढाच काय तो फरक.

शेतकऱ्याला हे समजायला सोपे आहे, कारण उताराशी आपला रोजचा संबंध आहे. परभणीला शिकत असताना आम्ही शिवारात समपातळी रेषा काढायचो. पाणी उताराने पळते, म्हणून त्याला समपातळीच्या चराने आडवे चालवायचे, ही त्यातली सगळी विद्या. समुद्रात हे काम पृथ्वी करते. ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दूरवर वाहणारे पाणी आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडे ढकलले जाते. उताराची ओढ खाली, फिरण्याचा रेटा उजवीकडे. दोन्ही सारखे झाले की पाणी खाली न उतरता टेकाडाला वळसा घालू लागते, समपातळीच्या चरातून चालल्यासारखे. उंचवटा असेल तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे, खळगा असेल तर उलट.

म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाचा उतार कळला की पाणी कुठे आणि किती वेगाने चालले आहे याचा हिशेब मांडता येतो. लक्षद्वीपच्या आसपास १०० किलोमीटरला २० सेंटिमीटर एवढा उतार असला, तर पाणी माणसाच्या सावकाश चालीने चालते. २० सेंटिमीटर म्हणजे एक वीत. शंभर किलोमीटरला एक वीत उतार आपल्याला कोणत्याही यंत्राने बांधावर धरता येणार नाही. तो आभाळातून धरला जातो.

आभाळातली फूटपट्टी

१० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून 'टोपेक्स-पोसायडन' नावाचा उपग्रह सोडला. त्याआधीही असे प्रयोग झाले होते. १९७८ चा 'सीसॅट' तर शंभराहून थोडे अधिक दिवस चालून बंद पडला. टोपेक्स-पोसायडन १,३३६ किलोमीटर उंचीवरून फिरत होता. तो खाली रडारचा ठोका टाकतो, ठोका पाण्यावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेला वेळ तो मोजतो. हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. त्यातून समुद्राची उंची तीन-चार सेंटिमीटरच्या अचूकपणाने निघाली. दर दहा दिवसांनी तोच रस्ता, तेच माप.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. २५ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून भारत आणि फ्रान्स यांचा 'सरल' उपग्रह उडाला. तारीख लक्षात ठेवा. ते दुष्काळाचे साल होते. बीड जिल्ह्यात आपली माणसे जनावरे घेऊन छावणीत बसली होती आणि टँकरची वाट पाहत होती. त्याच दिवसांत आपल्याच देशाच्या अग्निबाणाने समुद्राची उंची मोजणारे यंत्र सुमारे ८०० किलोमीटर वर नेऊन ठेवले. काही जण म्हणतील, छावणीतल्या माणसाची ही थट्टा झाली. मला तसे वाटत नाही. मोजमापावर झालेला खर्च वाया जात नाही. माप तयार असून ते ज्याचे त्याच्या हाती पडत नाही, तिथे खरी लूट होते.

या मापाने काय हाती आले? १९९२ पासूनच्या सोळा वर्षांच्या नोंदी चाळून डडली चेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगभरचे सोळा आठवड्यांहून जास्त टिकलेले भोवरे मोजले. ते सुमारे ३६ हजार निघाले. समुद्र म्हणजे मोठमोठ्या संथ प्रवाहांचे पाणी, हा जुना समज त्याने मोडला. समुद्र भोवऱ्यांनी भरलेला आहे. त्या भोवऱ्यांच्या पोटात उष्णता, मीठ आणि माशांचे खाद्य इकडून तिकडे जाते.

आपल्या समुद्रातले दोन मोठे भोवरे

अरबी समुद्रातला सर्वांत मोठा भोवरा सोमालियाच्या किनाऱ्यापाशी उठतो. इंग्रज खलाशांना तो ठाऊक होता. अलेक्झांडर फिंडले यांनी १८६६ मध्ये जहाजांच्या मार्गदर्शिकेत त्याची नोंद केली. तेव्हा त्याला मोजायची सोय नव्हती. उपग्रहांच्या २३ वर्षांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. भरात असताना तो सरासरी पावणेतीन लाख चौरस किलोमीटर पसरतो आणि वर्षातले सुमारे दोनशे दिवस टिकतो. आपला महाराष्ट्र तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटरचा आहे. गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंतचा जवळजवळ सगळा मुलूख पाण्याचा करून गरगर फिरवला, तर जे होईल ते तिथे दर पावसाळ्यात होते. नैर्ऋत्येचे वारे नीट सुरू होण्याच्या आधीच त्याची सुरुवात झालेली असते.

दुसरा भोवरा आपल्या जवळचा. हिवाळ्यात केरळच्या नैर्ऋत्येला, लक्षद्वीपच्या बाजूला समुद्र उंचावतो आणि त्याभोवती काही शे किलोमीटरचा भोवरा फिरू लागतो. पावसाळ्यात त्याच जागी खळगा होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ मध्ये याचा उलगडा मांडला. त्यातली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या उंचवट्याचे मूळ बंगालच्या उपसागरात असते. तिकडच्या वाऱ्याने उठलेली लाट किनाऱ्याच्या कडेने खाली उतरते, श्रीलंकेला वळसा घालते आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागते. तिथून तो फुगवटा महिनोन्महिने पश्चिमेकडे सरकत राहतो. पूर्वेचे कारण, पश्चिमेला परिणाम. एका गावच्या बंधाऱ्याचा परिणाम खालच्या गावच्या विहिरीवर होतो, तसेच.

याच भागातले पाणी एप्रिल-मे महिन्यांत ३० अंशांच्या वर तापते. काही वर्षी मान्सून केरळात येताना त्याच्या तोंडाशी जे चक्राकार वारे बनतात, ते या तापलेल्या पाण्याच्या आसपासच बनतात. आपल्या मृगाच्या पावसाची शिदोरी कुठे बांधली जाते ते यावरून कळते.

मग पाऊस कळतो का?

इथे मी सरळ सांगतो, कारण हवामानाच्या नावाने आपल्याला फसवणारे पुष्कळ आहेत. समुद्रातला भोवरा मोजला म्हणून तलवाड्यात पेरणी कोणत्या तारखेला करावी हे कळत नाही. तसे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला बैठकीतून उठवा.

त्याचा उपयोग वेगळा आहे. कोणत्याही अंदाजाला आजची स्थिती अचूक माहीत असावी लागते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मोहिमेत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने समुद्र आणि हवा एकत्र धरणारे गणित उभे केले. त्या गणिताला समुद्राच्या पोटात किती ऊब साठली आहे ते सांगावे लागते. उंचवट्याच्या भोवऱ्याखाली ऊबदार पाण्याचा थर जाड असतो, खळग्याच्या भोवऱ्यात खालचे थंड पाणी वर आलेले असते. वरवरचे तापमान दोन्हीकडे सारखे दिसले तरी पोटातली शिल्लक वेगळी असते. जमिनीचा वरचा थर ओला दिसला म्हणून खाली ओल आहे असे आपण धरत नाही. टिकाव मारून पाहतो. समुद्राच्या बाबतीत उंचीचे माप म्हणजे टिकाव.

ही शिल्लक वादळाच्या कामी येते. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ मेक्सिकोच्या आखातातल्या अशाच जाड ऊबदार पाण्यावरून गेले आणि काही तासांत त्याचा जोर वाढला. बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यासही आता याच नजरेने होतो. मराठवाड्याला परतीच्या दिवसांत जो पाऊस झोडपतो, त्यातला बराचसा त्याच उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो, हे आपण भोगून बसलो आहोत.

कोळी बांधवांना तर उपग्रहाचा थेट उपयोग होतो. समुद्राचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य पाहून हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था मासे कुठे सापडण्याचा संभव आहे ते किनाऱ्यावर कळवते. ही माहिती फुकट मिळते.

दोन रेघांमधला भोवरा

आता तलवाड्याच्या प्रश्नाकडे येऊ.

उपग्रह समुद्र मोजतो तो रेघेने. ज्या रेघेवरून तो जातो तिच्या खालचे पाणी तेवढे मोजले जाते. टोपेक्स-पोसायडनच्या दोन रेघांमध्ये विषुववृत्तापाशी सुमारे ३१५ किलोमीटरचे अंतर पडत होते. शंभर किलोमीटरचा भोवरा त्या दोन रेघांच्या मध्ये आरामात बसून राहील आणि मापात येणार नाही.

शास्त्रज्ञांनी यावर काय केले? रेघेखाली आला नाही म्हणून भोवरा नव्हताच, असे त्यांनी लिहिले नाही. मापात फट आहे, हे त्यांनी आधी कबूल केले. मग दोन-तीन उपग्रहांच्या रेघा एकत्र करून नकाशे काढले. 'सरल'च्या रेघा जास्त जवळजवळ होत्या. समुद्रात हजारो तरंगती यंत्रे सोडली, ती दोन हजार मीटर खोल जाऊन दर दहा दिवसांनी वर येतात आणि पाण्याचे तापमान कळवतात. आणि १६ डिसेंबर २०२२ रोजी 'स्वॉट' हा उपग्रह सोडला. तो रेघेऐवजी सुमारे १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा मोजतो. तीस वर्षे फट बुजवत आणली.

आणखी दोन गोष्टी पाहा. जुना उपग्रह म्हातारा झाला की नवा सोडतात: २००१ चा जेसन-१, मग २००८ चा, २०१६ चा, मग २०२० चा सेंटिनेल-६. नवा उपग्रह आला की काही महिने तो जुन्याच्या पाठोपाठ त्याच वाटेने चालवतात आणि दोघांची मापे जुळवून पाहतात. कारखान्याच्या काट्यावर ऊस घालणाऱ्यांनी विचार करावा, नवा काटा बसला तेव्हा जुन्याशी ताडून आपल्यासमोर कुणी दाखवला होता का? दुसरी गोष्ट अशी, की 'सरल'च्या रडारला पाऊस आडवा आला की माप बिघडते. असे माप चांगल्यात मिसळत नाहीत. त्यावर खूण करून ठेवतात. आणि या सगळ्या नोंदी जगातल्या कुणालाही पाहता येतात.

दोन मापकांमधला पाऊस

आमच्याकडे काय आहे? महाराष्ट्रात महसूल मंडळे दोन हजारांच्या वर आहेत. सरासरी काढली तर एका मंडळाच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख येतो. एवढ्या मुलखाचा पाऊस तळहाताएवढ्या तोंडाच्या मापकात पडावा लागतो. पावसाळी ढग किती लहरी असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. बैलाच्या एका शिंगावर पाऊस आणि दुसरे कोरडे, असे आपले म्हातारे म्हणत आले. त्या एका मापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली तर मंडळात अतिवृष्टी, नाही तर नाही. पीकविम्यातही नुकसान ठरते ते मंडळातल्या मोजक्या कापणी प्रयोगांवरून.

फट इथेही आहे, तिथेही आहे. समुद्रातल्या फटीची भरपाई शास्त्रज्ञाने आणखी मोजून केली. आमच्या फटीची भरपाई शेतकऱ्याने आपल्या खिशातून करायची, असा इथला कायदा. मापक झाडाखाली असला, त्यात पालापाचोळा अडकला, चार दिवस बंद पडला, तर त्या नोंदीवर खूण करणारे कुणी नाही. आणि ती नोंद पाहायला मागितली तर साध्या माणसाला चार टेबले फिरावी लागतात.

कुणी म्हणेल, समुद्राचा उपग्रह आणि खेड्यातला पर्जन्यमापक यांची तुलना कशाला? उपग्रहाला शेकडो कोटी लागतात, मापकाला काही हजार. हे खरे आहे आणि माझा मुद्दाही तोच आहे. महागडे, अवघड माप नीट घेता येते आणि स्वस्त, सोपे माप घेता येत नाही, याचा अर्थ अडचण पैशाची किंवा विद्येची नाही. माप चुकले तर कुणाचे बिघडते, यावर सगळे ठरते. समुद्राचे माप चुकले तर जहाज, तेलविहिरी आणि आरमार अडचणीत येते. तलवाड्याचे माप चुकले तर एका म्हाताऱ्याचा कापूस जातो.

स्वॉट उपग्रहाबद्दल एक गोष्ट राहिली. समुद्रातले बारीक भोवरे टिपणारा हा उपग्रह जमिनीवरचे पाणीही मोजतो. अडीचशे मीटर लांब-रुंद असलेले कोणतेही तळे, शंभर मीटरहून रुंद नदी त्याच्या कामाच्या आवाक्यात येते. आपला नाथसागर भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. त्याच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे ३५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सव्वा टीएमसीच्या घरात पाणी. २०१४ च्या आदेशाने ६५ टक्क्यांची रेघ आखली गेल्यापासून वरची धरणे आणि जायकवाडी यांच्यात दर दिवाळीला आकड्यांची भांडणे झाली. ज्याच्या हातात दरवाजा, त्याच्याच तोंडी आकडा. आता धरणाची पातळी ताडून पाहण्याचे तिसरे साधन आभाळात आहे आणि ते खुले आहे. आपल्या शिकलेल्या पोरांनी ते वाचायला शिकावे.

कामाला लागा

सरकारकडे आपले मागणे थोडे आहे. केंद्राने २०२३ मध्ये 'विंड्स' या नावाने तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक यांचे जाळे उभारायचे ठरवले. ते प्रत्येक गावात उभे राहिले पाहिजे. मापकाची नोंद त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. बंद किंवा बिघडलेल्या मापकाच्या नोंदीवर तशी खूण झाली पाहिजे. आणि जिथे मापक नाही तिथे पाऊस नव्हता असे धरण्याचा उद्योग थांबवून पंचनाम्याला वजन मिळाले पाहिजे.

पण भावांनो, मागण्या करून घरी बसणारी ही संघटना नव्हे. पर्जन्यमापक ही साधी गोष्ट आहे. उघड्या जागी, झाडा-भिंतीपासून दूर, सपाट बसवायचा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचे, हवामान खात्याची वेळही तीच आहे. वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. शून्यही नोंद असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी, हा हिशेब पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रत्येक शाखेने आपल्या शिवारात असा एक मापक लावावा आणि वहीवर रोज दोघांच्या सह्या घ्याव्यात. सरकार ती वही मानो न मानो. मंडळाच्या एका आकड्यासमोर दहा गावांच्या दहा वह्या एकाच टेबलावर ठेवल्या, की तो एक आकडा एकटा पडतो.

माझ्या पेशातल्या लोकांना मी नेहमी सांगतो, की विद्या विद्यापीठाच्या कुंपणात अडकली की ती शेतकऱ्याच्या विरोधातच वापरली जाते. समुद्राचे शास्त्र मला आवडते ते त्यातल्या प्रामाणिकपणामुळे. जे मोजले ते सांगितले, जे मोजता आले नाही तेही सांगितले, आणि पुढच्या खेपेला ते मोजायची तयारी केली.

तलवाड्याच्या त्या आजोबांना मी शब्द दिला आहे, की पुढच्या पावसाळ्याआधी त्यांच्या शिवारात आपला मापक उभा असेल. ते म्हणाले, "मापक राहू द्या भाऊ, पहिल्या दिवसापासून वही कोण लिहिणार ते सांगा." त्यांची नात बारावीला आहे. ती लिहिणार आहे.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावची वही घेऊन या.